प्रोबेट व वकिलाविना अर्जाचा इतिहास

प्रोबेट : मृत व्यक्तीने मागे ठेवलेला लेख हे तिचे खरे, अखेरचे व विधिवत केलेले मृत्युपत्र आहे, असे सक्षम न्यायालयाने आपल्या मुद्रेनिशी प्रमाणित करणे आणि त्या लेखात नेमलेल्या निष्पादकास मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार देणे, यास प्रोबेट असे म्हणतात. ‘सिद्ध करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आलेला असून मराठी विधिपरिभाषेत त्यास ‘संप्रमाण’ अशी संज्ञा आहे. निष्पादक म्हणजे मृत्युपत्रातील इच्छा पार पाडण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने स्वतः निवडलेली व्यक्ती. ती बहुधा पत्नी, पती, मुलगा, मुलगी किंवा विश्वासातील स्नेही असते. मृत्युपत्रात निष्पादक नेमलेला नसेल किंवा नेमलेला निष्पादक काम करण्यास तयार नसेल, तर मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र देण्यात येते. मृत्युपत्रच नसेल, तर वारसास साधे प्रशासनपत्र किंवा केवळ येणी व रोखे यांपुरते उत्तराधिकार प्रमाणपत्र घेता येते.

प्रोबेटचे न्यायालय मृत्युपत्राचा खरेपणा तेवढा तपासते. मृत्युपत्रात उल्लेखिलेले घर किंवा जमीन मृत्युपत्रकर्त्याच्या मालकीची होती किंवा नव्हती, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नसतो. तो वेगळ्या दाव्यात ठरतो. चौकशीची कक्षा अशी मर्यादित असल्यामुळे, आणि मृत्युपत्रकर्त्याने आपला विश्वास कायदेपंडितावर न टाकता घरातील माणसावर टाकलेला असल्यामुळे, निर्विवाद मृत्युपत्राचे प्रोबेट निष्पादकाने स्वतः अर्ज करून मिळवावे, ही कल्पना या संस्थेच्या मुळाशीच आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक देशांत हे काम दीर्घकाळ व्यावसायिकांच्या हाती राहिले. कायद्याने उघडे ठेवलेले दार व्यवहारात का मिटले गेले आणि ते पुन्हा उघडण्याचे प्रयत्न कसकसे झाले, हा प्रोबेटच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

इंग्लंडमधील उगम : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जंगम मिळकतीच्या मृत्युपत्रांवर धर्मपीठांच्या न्यायालयांचा अधिकार होता. मरणासन्न मनुष्याची अखेरची इच्छा आणि त्याने केलेला दानधर्म या बाबी आत्म्याच्या कल्याणाशी निगडित समजल्या जात. त्यामुळे त्यांची देखरेख चर्चकडे आली. मृताची पाच पौंड वा अधिक किंमतीची चीजवस्तू एकाहून अधिक बिशपांच्या प्रांतांत असेल, तर प्रोबेट आर्चबिशपच्या न्यायालयाकडून घ्यावे लागे. कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांची न्यायालये या कामासाठी प्रसिद्ध होती. प्रोबेटच्या शुल्काविषयीची तक्रारही तितकीच जुनी आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५२९ मध्ये, पार्लमेंटने कायदा करून मिळकतीच्या किंमतीनुसार या शुल्कावर मर्यादा घातल्या. १६९४ मध्ये प्रोबेटच्या लेखावर मुद्रांकशुल्क बसविण्यात आले आणि मृत्युपत्र सिद्ध करणे हे सरकारी महसुलाचेही एक साधन बनले.

धर्मन्यायालयांत प्रोबेट मिळविण्याचे दोन मार्ग होते. पहिल्या, म्हणजे सामान्य रीतीत निष्पादकाने शपथ घेऊन मृत्युपत्र सादर करावयाचे व इतर कोणासही न बोलाविता प्रोबेट घ्यावयाचे. दुसऱ्या, म्हणजे विधिपूर्वक रीतीत हितसंबंधितांना बोलावून, साक्षीदार तपासून मृत्युपत्र शाबीत करावयाचे. बहुसंख्य मृत्युपत्रे पहिल्याच रीतीने सिद्ध होत. या रीतीत युक्तिवादाला वाव नव्हता व विरोधकही नव्हता. तरीही लंडनमधील ‘डॉक्टर्स कॉमन्स’ या संस्थेशी संलग्न असलेले प्रॉक्टर नावाचे व्यावसायिक हे काम आपल्याकडे राखून होते. चार्ल्स डिकिन्झने तरुणपणी तेथे लघुलेखक म्हणून काम केले होते. डेव्हिड कॉपरफील्ड या त्याच्या कादंबरीचा नायक अशाच एका प्रॉक्टरकडे उमेदवारी करतो. त्या काळच्या इंग्लिश वाचकाला हे प्रॉक्टर किती परिचित होते, हे त्यावरून दिसते.

१८५७ ची सुधारणा : कोर्ट ऑफ प्रोबेट ॲक्ट, १८५७ या कायद्याने धर्मन्यायालयांचा मृत्युपत्रविषयक अधिकार काढून घेण्यात आला आणि जानेवारी १८५८ पासून लंडनमधील मुख्य नोंदणीकार्यालय व ठिकठिकाणची जिल्हा नोंदणीकार्यालये यांच्यामार्फत प्रोबेट देण्यास प्रारंभ झाला. प्रॉक्टरांची मक्तेदारी संपली व त्यांना नुकसानभरपाई देण्यात आली. या सुधारणेचा अधिक दूरगामी परिणाम असा, की निर्विवाद प्रोबेट हे न्यायदानापेक्षा कार्यालयीन नोंदणीच्या स्वरूपाचे काम मानले जाऊ लागले. नोंदणीकार्यालयाचा अधिकारी कागद तपासून प्रोबेट देई. न्यायाधीशापुढे जाण्याची वेळ फक्त वाद निर्माण झाल्यासच येई.

येथून सामान्य माणसाच्या स्वयंअर्जाला रीतसर स्थान मिळत गेले. १८७३ च्या एका कायद्याने, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व शंभर पौंडांपर्यंतच मिळकत असलेल्या गरीब माणसाच्या विधवेस वा मुलांस, नोंदणीकार्यालय दूर असल्यास, जवळच्या काउंटी न्यायालयाच्या निबंधकाकडे जाता येऊ लागले. आवश्यक ती कागदपत्रे तो निबंधकच भरून देई. १८८१ मध्ये तीनशे पौंडांपर्यंतच्या मिळकतींसाठी महसूलखात्याच्या अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करण्याची सोय झाली. नोंदणीकार्यालयांत वैयक्तिक अर्जांची वेगळी व्यवस्था झाली. तेथील कर्मचारी अर्जदारास प्रश्न विचारून शपथपत्राचा मसुदा स्वतः तयार करीत आणि अर्जदाराने समक्ष येऊन शपथ घ्यावयाची असे. अर्जदाराला कायद्याची भाषा येत नाही, हे गृहीत धरून कार्यालयाने ती भाषा पुरवावयाची, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते.

या सवलतीला एक मर्यादा होती. वैयक्तिक अर्ज स्वतःच करावयाचा असे; वकील नसलेल्या मध्यस्थामार्फत तो करता येत नसे. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी प्रोबेटची कागदपत्रे तयार करणे हा, अधिकृत व्यावसायिकांखेरीज इतरांस, सॉलिसिटर्स ॲक्ट, १९७४ या कायद्याखाली अपराध होता. पुढे लीगल सर्व्हिसेस ॲक्ट, २००७ नेही हे काम राखीव ठेवले. स्वतःचे काम स्वतः करणाऱ्यास मोकळीक आणि परक्याचे काम धंदा म्हणून करणाऱ्यास बंदी, हा भेद बहुतेक सर्व देशांच्या कायद्यांत आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ‘कन्झ्यूमर्स असोसिएशन’ या ग्राहकसंस्थेने मृत्युपत्र व प्रोबेट या विषयावर सामान्य वाचकासाठी मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यामुळे स्वयंअर्जाची माहिती मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये शपथेऐवजी सत्यकथनाचे लेखी निवेदन स्वीकारले जाऊ लागले व नंतर संगणकाद्वारे अर्ज करण्याची पद्धत रूढ झाली. २०२२ पूर्वी काही वर्षे वैयक्तिक अर्जदाराचे शुल्क २१५ पौंड व सॉलिसिटरमार्फत येणाऱ्याचे १५५ पौंड असे होते. कारण पहिल्याच्या बाबतीत कार्यालयाला अधिक काम पडे. जानेवारी २०२२ मध्ये दोघांसाठी एकच, २७३ पौंडांचे शुल्क ठरविण्यात आले.

अमेरिकेतील वाद : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रोबेट हा घटकराज्यांच्या अधिकारातील विषय आहे. तेथे अनेक राज्यांत केवळ मृत्युपत्र सिद्ध करून भागत नसे, तर मिळकतीची पूर्ण वाटणी होईपर्यंत न्यायालयाची देखरेख चालू राही. त्यामुळे विलंब होई आणि वकिलांचे शुल्क वाढत जाई. या पद्धतीवर नॉर्मन डेसी या वकील नसलेल्या आर्थिक सल्लागाराने १९६५ मध्ये हाउ टू अव्हॉइड प्रोबेट! या पुस्तकाद्वारे टीका केली. हयातीतच मिळकतीचा विश्वस्तनिधी करून प्रोबेट टाळावे, असे त्याचे प्रतिपादन असून त्यासाठी लागणारे छापील नमुने पुस्तकातच दिलेले होते. पुस्तकाचा खप प्रचंड झाला. न्यूयॉर्क परगण्याच्या वकीलसंघटनेने हे पुस्तक म्हणजे सनदेविना केलेली वकिली आहे, असा आक्षेप घेऊन न्यायालयात धाव घेतली व खालच्या न्यायालयांत तिला यशही मिळाले. तथापि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सर्वसामान्य जनतेसाठी पुस्तक लिहिणे म्हणजे विशिष्ट अशिलाला सल्ला देणे नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित झाले. कायद्याची माहिती देणे व कायद्याचा व्यवसाय करणे यांत त्यामुळे रेषा आखली गेली, आणि स्वयंमदतीच्या पुढील वाङ्‌मयाला आधार मिळाला.

१९६९ मध्ये एकरूप प्रोबेट संहिता तयार झाली. तीत निर्विवाद प्रकरणी न्यायाधीशाऐवजी निबंधकाने अनौपचारिक रीतीने प्रोबेट द्यावे आणि कोणी मागणी केल्याखेरीज न्यायालयाने देखरेख ठेवू नये, अशी योजना होती. आयडाहो राज्याने ही संहिता प्रथम स्वीकारली. सर्व राज्यांनी मात्र ती स्वीकारली नाही. डेसीचा मार्ग प्रोबेट टाळण्याचा होता, तर संहितेचा मार्ग प्रोबेट सोपे करण्याचा होता. पुढील बहुतेक सुधारणा या दोहोंपैकी एका मार्गाने गेल्या आहेत.

मुंबई इलाखा : मृत्युपत्राची संस्था प्राचीन धर्मशास्त्रात आढळत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मृताचा हिस्सा इतर सहदायादांकडे जात असल्यामुळे तिची गरजही फारशी नव्हती. इस्लामी कायद्यात मृत्युपत्र मान्य असले, तरी वारसांची संमती नसल्यास ते साधारणतः एकतृतीयांश मिळकतीपुरतेच करता येते. ते लेखी असलेच पाहिजे असेही नाही. न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध करण्याची पद्धत भारतात इंग्रजांबरोबर आली. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे स्थापन झालेल्या मेयर न्यायालयांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईत पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, १८२३ च्या सनदेने सर्वोच्च न्यायालय व १८६२ मध्ये उच्च न्यायालय यांच्याकडे तो क्रमाने आला.

शहराबाहेर मात्र वेगळीच व्यवस्था होती. मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत झालेल्या १८२७ च्या विनियमसंग्रहातील आठवा विनियम या संदर्भात उल्लेखनीय आहे. मृताच्या वारसाने, निष्पादकाने वा कायदेशीर व्यवस्थापकाने न्यायालयाकडे आधी अर्ज न करताही, आपल्या कायद्यानुसार वा रूढीनुसार मिळकत ताब्यात घ्यावी व ती मिळविण्यासाठी दावा करावा, अशी मोकळीक त्यात दिली होती. ऋणको किंवा मिळकतीचा ताबेदार यांना व्यवहार करणे निर्धोक व्हावे, म्हणून वारसास मान्यता हवी असेल, तरच त्याने न्यायाधीशाकडे जावयाचे. न्यायाधीशाने जाहीरनामा काढून हरकती मागवावयाच्या व समाधान झाल्यास प्रमाणपत्र द्यावयाचे. न्यायालयाची मान्यता ही सोय आहे, सक्ती नव्हे, हा या विनियमाचा गाभा होता. महाराष्ट्रात वारसा-प्रमाणपत्रे आजही या विनियमाखाली देण्यात येतात.

सक्तीचा प्रारंभ : १८६५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना लागू नव्हता. इलाखा-शहरांत हिंदूंची मृत्युपत्रे वाढत चालली, तोंडी व बनावट मृत्युपत्रांवरून दावे होऊ लागले, तेव्हा १८७० मध्ये हिंदू मृत्युपत्र अधिनियम करण्यात आला. १ सप्टेंबर १८७० रोजी वा त्यानंतर बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अंमलाखालील प्रदेशात, तसेच मद्रास व मुंबई उच्च न्यायालयांच्या साधारण मूळ दिवाणी अधिकारितेच्या हद्दीत हिंदू, जैन, शीख वा बौद्ध यांनी केलेली मृत्युपत्रे, आणि त्या हद्दीतील स्थावर मिळकतीविषयी बाहेर केलेली मृत्युपत्रे, यांस तो लागू झाला. मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर सही व दोन साक्षीदार हवेत आणि प्रोबेट घेतल्याखेरीज निष्पादकास वा लाभधारकास त्याच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येणार नाही, असे नियम त्यामुळे या प्रदेशांत आले. १८८१ च्या प्रोबेट व प्रशासन अधिनियमाने इतर प्रदेशांतील हिंदू-मुसलमानांनाही प्रोबेट घेण्याची सोय केली, परंतु त्यांच्यावर सक्ती केली नाही.

हे सर्व कायदे एकत्र करून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ तयार करण्यात आला. जुन्या सक्तीची तरतूद त्यात कलम २१३ म्हणून कायम राहिली व कलम ५७ मध्ये तिची प्रादेशिक व्याप्ती सांगितली गेली. १ जानेवारी १९२७ पासून हिंदूंची सर्वच मृत्युपत्रे लेखी व साक्षांकित असणे आवश्यक झाले, परंतु प्रोबेटची सक्ती पूर्वीच्या हद्दींपुरतीच राहिली. परिणामी पुण्यातील वाड्याविषयी पुण्यातच केलेल्या मृत्युपत्रास प्रोबेट लागत नसे. तोच वाडा देणारे मृत्युपत्र त्याच गृहस्थाने गिरगावात बसून केले, तर प्रोबेट लागे. मुसलमानांना ही सक्ती कधीच नव्हती. पारशांच्या बाबतीत ती १९६२ च्या दुरुस्तीने तीन महानगरांपुरती मर्यादित झाली. भारतीय ख्रिस्ती समाजाने केलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, हा भेद ऐतिहासिक व प्रादेशिक कारणांमुळे आलेला असून तो घटनाबाह्य नाही, असा निर्णय दिला. परंतु २००२ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून त्या समाजास या सक्तीतून वगळले.

गोव्याची परंपरा याहून भिन्न आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. मृत्युपत्र सामान्यतः नोटरीपुढे, त्याच्या नोंदवहीत करावयाचे व मृत्यूनंतर मिळकतीची यादी करून वाटणी करण्याची ‘इन्व्हेंटरी’ नावाची कारवाई चालवावयाची, अशी ती पद्धत होय. खरेपणाची तपासणी तेथे बव्हंशी मृत्युपत्र करतानाच होते, तर इंग्लिश पद्धतीत ती करणारा गेल्यानंतर होते. गोव्याने २०१२ मध्ये केलेल्या स्वतंत्र उत्तराधिकार कायद्याने हीच परंपरा पुढे चालविली आहे.

अर्जाची कार्यपद्धती : १९२५ च्या अधिनियमाची रचना पाहिली, तर वकिलाविना अर्ज करणारी व्यक्ती विधिकारांच्या डोळ्यांसमोर होती, असे दिसते. प्रोबेटच्या अर्जावर अर्जदाराने व ‘असल्यास त्याच्या वकिलाने’ सही करावी, असे कलम २८० सांगते. अर्जाचे सत्यापन अर्जदारानेच करावयाचे असते. अर्जात काय असावे, हेही कलम २७६ मध्ये मोजक्या शब्दांत दिले आहे : मृत्यूची वेळ, सोबतचा लेख हे मृताचे अखेरचे मृत्युपत्र असल्याचे व ते विधिवत केले गेल्याचे कथन, निष्पादकाच्या हाती येण्याचा संभव असलेल्या मिळकतीची रक्कम, आणि अर्जदार हाच मृत्युपत्रात नेमलेला निष्पादक असल्याचे कथन. जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करताना मृताचे वास्तव्य वा काही मिळकत त्याच्या अधिकारक्षेत्रात असल्याचे सांगावे लागते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र दाखल करतात. साक्षीदारांपैकी एक तरी मिळण्यासारखा असेल, तर त्यानेही अर्जाचे सत्यापन करावयाचे असते. कॅव्हिएट, प्रोबेट, प्रशासनपत्र इत्यादींचे नमुने अधिनियमाच्या अनुसूचींत छापलेले आहेत.

मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याखेरीज प्रोबेट व चौदा दिवस उलटल्याखेरीज प्रशासनपत्र देता येत नाही. न्यायालय हितसंबंधितांना सायटेशन नावाची नोटीस काढून कार्यवाही पाहण्यास बोलावते. वारसांनी लेखी संमती दिलेली असल्यास काम बरेच सुकर होते. कोणी हरकत घेऊ इच्छीत असेल, तर तो कॅव्हिएट दाखल करतो. त्यानंतर त्याला नोटीस दिल्याविना पुढील कार्यवाही होत नाही, आणि विरोध कायम राहिल्यास अर्जाला दाव्याचे स्वरूप येते. हरकत नसेल, तर न्यायशुल्क भरल्यावर मृत्युपत्राची प्रत जोडलेले प्रोबेट देण्यात येते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी व एक वर्षात हिशेब न्यायालयास सादर करणे, हे निष्पादकाचे कर्तव्य आहे. मृताची देणी भागवून उरलेल्या मिळकतीतून मृत्युपत्राप्रमाणे वाटप करावयाचे असते. वाटपाची घाई करून देणी मागे ठेवणाऱ्या निष्पादकावर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते.

व्यवहारातील अडथळे : कायद्याचा मजकूर असा सुटसुटीत असता मुंबईत वकिलाविना प्रोबेट घेणारे थोडेच असत, याची कारणे कायद्याबाहेर शोधावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत काम अॅटर्नी व बॅरिस्टर किंवा ॲडव्होकेट अशा दोन थरांत विभागलेले होते. अॅटर्नींचा वेगळा वर्ग १ जानेवारी १९७७ पासून संपुष्टात आला, परंतु त्या काळात रुजलेली मसुद्यांची धाटणी व कार्यालयीन रीती टिकून राहिल्या. भाषेचा अडसर त्याहून मोठा आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्यामुळे मराठीत लिहिलेल्या मृत्युपत्राचे अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ज्या भाषेत मृताने आपली इच्छा सांगितली व ज्या भाषेत निष्पादकाला ती कळते, त्या भाषेत ती सिद्ध करता येत नाही. तालुका व जिल्हा पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी असल्याने तेथे ही अडचण कमी भासते. १९५३ ते १९८५ या काळात मृत्युकराचीही भर होती. मिळकतीचे मूल्यांकन व कराची पूर्तता केल्याविना प्रोबेट हाती पडत नसे. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंबाबत तो कर रद्द झाला, तेव्हा स्वयंअर्जाच्या मार्गातील एक गुंतागुंत दूर झाली.

स्वतःचे प्रकरण स्वतः मांडण्यास वकिलांविषयीच्या कायद्याने मनाई केलेली नाही. मनाई आहे ती सनदेविना वकिलीचा व्यवसाय करण्यास. तथापि मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये केलेल्या नियमांनुसार, स्वतः उभे राहू इच्छिणाऱ्या पक्षकाराशी न्यायालयाच्या अधिकाऱ्यांच्या समितीने आधी बोलून तो आपले म्हणणे मांडू शकेल किंवा नाही, याचा अभिप्राय देण्याची पद्धत सुरू झाली. तपासनीस कार्यालयाने कागदांत त्रुटी दाखविणे, त्या दूर करणे, पुन्हा तपासणी होणे, या फेऱ्यांत नवख्या अर्जदाराचा बराच काळ जातो. इंग्लंडमधील नोंदणीकार्यालयाप्रमाणे अर्जदाराला विचारून मसुदा करून देणारा विभाग भारतीय न्यायालयांत निर्माण झाला नाही, हा या दोन पद्धतींतील खरा फरक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व इतर काही वर्ग यांना विनामूल्य विधिसाहाय्य मिळते, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. निष्पादक असलेल्या विधवांना या तरतुदीचा उपयोग होऊ शकतो.

स्वयंअर्जाच्या मर्यादा : वकिलाविना अर्ज निर्विवाद मृत्युपत्रापुरताच हितावह असतो. लाभधारकानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, सही थरथरती असेल, जवळच्या वारसांना अकारण वगळले असेल, तर अशा संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे मांडणाऱ्यावरच असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र शाबीत करण्यासाठी किमान एक साक्षीदार हयात व हजर राहण्याजोगा असल्यास त्याची साक्ष आवश्यक असते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. उलटतपासणी व युक्तिवाद यांची गरज पडते, तेथे अनभिज्ञ निष्पादकाचा हट्ट मृताच्या इच्छेलाच बाधक ठरू शकतो. नामनिर्देशनाविषयीचा गैरसमजही हानिकारक ठरतो. विम्याची रक्कम स्वीकारणारा नामनिर्देशित मनुष्य तिचा मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, व कंपन्यांच्या भागांबाबतही तसेच असल्याचे २०२३ मध्ये सांगितले. नामनिर्देशन म्हणजेच मृत्युपत्र अशा समजुतीने प्रोबेटची वाट सोडणारी कुटुंबे पुढे दाव्यांत अडकतात.

सक्तीचा शेवट : डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व दुरुस्ती अधिनियमाने १९२५ च्या अधिनियमातील कलम २१३ वगळले. १८७० पासून मुंबई, मद्रास, कलकत्ता व जुना बंगाल यांपुरती चालत आलेली व धर्मानुसार भेद करणारी प्रोबेटची सक्ती त्यामुळे संपली. प्रोबेटची संस्था मात्र रद्द झालेली नाही. अर्ज करण्याची, हरकत घेण्याची व प्रमाणित प्रत मिळविण्याची कलमे जागच्या जागी आहेत. प्रोबेटधारकाशी सद्‌भावनेने केलेल्या व्यवहारास कायद्याचे संरक्षण मिळते, आणि मृत्युपत्राच्या खरेपणाबाबत प्रोबेट सर्वांवर बंधनकारक असते. त्यामुळे मोठी मिळकत, परगावचे वारस किंवा कुरबुरीची शक्यता असेल, तेथे ते स्वेच्छेने घेणे अद्यापही शहाणपणाचे ठरते. बँका, गृहनिर्माण संस्था व भूमिअभिलेखाची कार्यालये यांच्या पातळीवर प्रोबेटविना आलेले मृत्युपत्र कसे तपासावयाचे, हा प्रश्न मात्र या बदलामुळे अधिक महत्त्वाचा झाला आहे. खरेपणाचा निर्णय न्यायालयाने केला नाही, तर तो करण्याचा भार कोणत्या तरी कारकुनावर वा संस्थेच्या कार्यकारिणीवर पडतो, आणि तिने नाकारल्यास कुटुंबाला शेवटी न्यायालयातच यावे लागते.

एल्फिन्स्टनच्या काळातील विनियमाने न्यायालयाची मान्यता ज्याला हवी त्याच्यापुरती ठेवली होती. जवळजवळ दोन शतकांनंतर मृत्युपत्रांच्या बाबतीत कायदा त्याच तत्त्वापाशी आला आहे. सक्ती गेल्याने निष्पादकाचा नाइलाज संपला, परंतु त्याची असहायता आपोआप संपत नाही. ज्या देशांत कार्यालयांनी साध्या भाषेतील नमुने दिले, प्रश्न विचारून कागद तयार करून दिले व निर्विवाद प्रकरणे न्यायाधीशाच्या दालनाबाहेरच निकालात काढली, तेथेच वकिलाविना प्रोबेट ही सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट झाली, असे या संस्थेच्या इतिहासावरून दिसून येते.